जुन्या रास्पबेरी पायवर प्रोग्राम चढत नाहीये, 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' येतंय, मिरगाच्या आत पाहिजे

पडवीवाला (देवगड)

मंडळी जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा. कमांडी आणि फ्लॅग पण मराठीतच टाईप करतोय कारण मोबाईलवर सारखा कीबोर्ड बदलायचा कंटाळा येतो, वाचताना मनात इंग्रजी करून घ्या.

बागेत पंपघरात एक रास्पबेरी पाय (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) आहे, अगदी पहिला मॉडेल बी, २५६ एमबी रॅमवाला, २०१२ मध्ये पुण्याला नोकरीला होतो तेव्हा हौसेने घेतलेला. त्याला कलमांखालचे चार तापमानाचे सेन्सर आहेत आणि पाऊस मोजायचं ते डुगडुगणारं बकेट. कार्डात रास्पबियन बस्टर ही ओएस. चार वर्षं मुकाट चाललाय बिचारा, पण आत जो पायथनचा प्रोग्राम आहे तो आता इतका सुस्त झालाय की पाऊस जोरात आला की बकेटचे टपके चुकवतो. म्हणून सी++ मध्ये नवीन लिहिला, रीडिंग एसक्यूलाइटमध्ये ठेवतो आणि मोबाईलला रेंज आली की पाठवतो, एवढंच काम.

आता रडगाणं. आधी पायवरच कंपाईल करायला घेतला. वीस मिनिटांनी 'किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस'. मग पेन ड्राईव्हवर एक जीबी स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) केली, तीन तास चाललं आणि लाईट गेली. म्हटलं बास, लॅपटॉपवर क्रॉस कंपाईल करू, म्हणजे बनवायचा लॅपटॉपवर पण पायसाठी. लॅपटॉपला उबुंटू २२.०४. आर्म लिनक्स जीएनयूईएबीआयएचएफ वाला जी++ अ‍ॅप्टने टाकला, दोन मिनिटात बिल्ड, मी खूश. पायवर नेला तर 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड', जीलिबसी म्हणजे सगळ्या प्रोग्रामांना लागणारी मूळ सी लायब्ररी. नेटवर वाचलं की स्टॅटिक लिंक करा, म्हणजे लायब्ररी प्रोग्रामच्या आतच भरा. केलं. आता 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', दुसरं अक्षर नाही. मग मार्च=आर्मव्ही६ (कुठल्या प्रोसेसरसाठी बनवायचं ते सांगणारा फ्लॅग) दिलं तर कंपायलर चक्क 'सॉरी, अनइम्प्लिमेंटेड, थम्ब-१ हार्ड-फ्लोट' म्हणाला. इतक्या वर्षांत कंपायलरला सॉरी म्हणताना पहिल्यांदा बघितलं. त्याच्यापुढे एम-आर्म लावल्यावर बिल्ड झालं, पण पायवर परत तेच इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

आठ दिवसांत मिरग लागेल. एकदा पाऊस सुरू झाला की पंपघराकडे जायची वाट म्हणजे नुसता चिखल. काय करू?

खारंवारं (मालवण)

अरे मेल्या, बोर्ड खारान खाल्लेलो असतलो. माझ्या होडयेवरच्या पायाचे पिना हिरवेगार झाले हत. आधी कार्डाचे कॉन्टॅक्ट पुसून बघ, अडॅप्टर बदल, मगे कंपायलराक गाळी घाल.

मेक_क्लीन (रत्नागिरी)

@खारंवारं तुमचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नाही, आपल्याकडे निम्मे 'सॉफ्टवेअर' प्रॉब्लेम खाऱ्या हवेचेच असतात. पण ते तपासायला बोर्ड सोडवायची गरज नाही. पडवीवाले, दोन गोष्टी कर. एक, फाईलचा एमडी५ (फाईलचा ठसा) लॅपटॉपवर आणि पायवर दोन्हीकडे काढ, सारखा आला तर कार्डाने फाईल बिघडवलेली नाही. दोन, पायवर जीडीबी या डीबगरखाली प्रोग्राम पाच वेळा चालव आणि दर वेळी कुठल्या पत्त्यावर पडतो ते बघ. रॅम किंवा सप्लाय खराब असेल तर आज इथे उद्या तिथे पडेल. दर वेळी त्याच पत्त्यावर पडत असेल तर बोर्डाला दोष देऊ नकोस, तो प्रामाणिकपणे सांगतोय की ही सूचना मला येत नाही.

आणि जीडीबीमध्ये पडल्यावर 'एक्स/आय डॉलर पीसी' दे, नेमकी कुठली सूचना होती ती दाखवेल. शिवाय रीडएल्फला (प्रोग्रामच्या फाईलची आतली माहिती दाखवणारी कमांड) मोठा ए देऊन तुझ्या प्रोग्रामवर चालव आणि पायवरच्या साध्या एलएस कमांडवर पण चालव, दोन्हीचं आउटपुट इथे टाक.

पडवीवाला

आत्ता बागेतून आलो, जळवा पण निघायला लागल्यात. एमडी५ सारखा. पाचही वेळा तोच पत्ता. सूचना दाखवतो 'मूव्हडब्ल्यू'.

रीडएल्फ:
माझा प्रोग्राम: सीपीयू आर्च व्ही७, थम्ब आयएसए थम्ब-२, एफपी आर्च व्हीएफपीव्ही३-डी१६
पायवरचा एलएस: सीपीयू आर्च व्ही६, एफपी आर्च व्हीएफपीव्ही२

पण मी तर मार्च=आर्मव्ही६ दिलं होतं, मग व्ही७ आलं कुठून?

मेक_क्लीन

सापडला चोर. ऐक आता, हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या वेळी आठ दिवस वाचतील.

तुझ्या पायचा प्रोसेसर आहे एआरएम११७६, म्हणजे आर्मव्ही६. मूव्हडब्ल्यू ही सूचना त्याच्यानंतर आली, त्याला ती माहीतच नाही. फ्लॅग दिल्यावर *तुझी* सी++ फाईल व्ही६ची झाली हे खरं. पण प्रोग्राम म्हणजे काही फक्त तुझी फाईल नाही. मेनच्या आधी जो सुरुवातीचा तुकडा चालतो तो सीआरटी१ डॉट ओ, मग लिबजीसीसी, मग तू स्टॅटिक केलंस म्हणून अख्खी लिबसी डॉट ए, हे सगळं उबुंटूवाल्यांनी आधीच कंपाईल करून पॅकेजात ठेवलेलं आहे, व्ही७ आणि थम्ब-२ हा नवा सूचनासंच धरून. तुझा फ्लॅग त्याला शिवत पण नाही. तू तुझ्या घरच्या तांदळाचे घावने केलेस पण पीठ भिजवलंस ते बाजारच्या तयार पिठात.

आता हे असं का, तर डेबियनने जेव्हा हार्ड-फ्लोट (दशांशाची गणितं हार्डवेअरात करणाऱ्या) आर्मचं पोर्ट काढलं तेव्हा कमीत कमी व्ही७ पाहिजे असं ठरवलं. त्यात पहिला पाय बसत नव्हता. म्हणून २०१२ मध्ये काही लोकांनी सगळं डेबियन व्ही६ साठी नव्याने कंपाईल केलं, तेच रास्पबियन. घोळ असा की दोघांनी नाव एकच ठेवलं, आर्मएचएफ. टूलचेनचं (कंपायलर, लिंकर वगैरे संच) नाव पण एकच. पॅकेजच्या नावावरून ओळखूच येत नाही की आत व्ही६ आहे की व्ही७. पाय झिरोचा पण तोच प्रोसेसर, तिथे पण लोक असेच फसतात.

स्टॅटिकचा सल्ला कोणी दिला माहीत नाही पण इथे तो उलटा पडला. स्टॅटिक नसतं तर लिबसी पायवरची वापरली असती, ती निदान व्ही६ आहे.

पडवीवाला

म्हणजे हायवेवरच्या पेट्यांसारखं झालं हे. सगळ्यांवर छापलेलं 'देवगड हापूस', आत कुठला आंबा ते पेटी उघडून वास घेतल्याशिवाय कळत नाही. 😄 रीडएल्फ म्हणजे वास घेणं.

आणि मग ते जीलिबसी २.३४ चं काय?

मेक_क्लीन

ते वेगळं. जीलिबसी नवीनवर जुना प्रोग्राम चालवते, जुनीवर नवीन चालेल अशी हमी देत नाही. तुझ्या बस्टरमध्ये २.२८ आहे, उबुंटू २२.०४ मध्ये २.३५. मधे २०२१ मध्ये २.३४ आली तिने पीथ्रेड वगैरे वेगळ्या असलेल्या लायब्ऱ्या मुख्य लिबसीमध्ये घेतल्या आणि प्रोग्राम सुरू करणाऱ्या फंक्शनचीच आवृत्ती बदलली. त्यामुळे नुसता 'हॅलो' छापणारा प्रोग्राम जरी नवीन मशीनवर लिंक केलास तरी तो २.३४ मागतो. म्हणून नियम असा की लिंक करताना समोर जी लिबसी असेल ती टार्गेटवरच्यापेक्षा नवी नसावी. ह्याला फ्लॅगचा उपाय नाही.

जुनं_ते_सोनं (चिपळूण)

एवढा खटाटोप कशाला, नवा पाय घ्या आणि मोकळे व्हा. किंवा निदान कार्डात नवीन ओएस टाका, ३२ बिटवाली अजून पहिल्या पायवर चालते.

पडवीवाला

नाव जुनं ते सोनं आणि सल्ला नवीन घ्या 😂

चालते हे माहितेय. पण हे कार्ड मी फक्त वाचता येईल असं करून ठेवलंय, लॉगसाठी वेगळा पेन ड्राईव्ह, म्हणून तर लाईट दिवसातून सहा वेळा जाऊन पण ते मेलं नाही. नवीन ओएस टाकून सगळं परत बसवायचं म्हणजे सेन्सरांपासून सुरुवात, आणि ते पण मिरगाच्या तोंडावर. आणि खरं सांगू का, चालणारी वस्तू फक्त जुनी म्हणून काढायची ही सवय आमच्या घरात नाही, पंप १९९६ चा आहे.

गुहागरची_ताई

माझा असाच एक अनुभव, थोडं अवांतर आहे पण उपयोगी पडेल. आमच्या होमस्टेमधल्या जुन्या राऊटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही ओएस आहे, त्यात एक छोटा प्रोग्राम टाकायचा होता. मिप्स प्रोसेसर. फाईल कॉपी केली, एलएसमध्ये दिसते, परवानगी दिलेली, चालवली तर शेल म्हणतं 'नॉट फाउंड'. अगं समोर दिसतेय की! दोन रात्री घालवल्या. नंतर कळलं की सापडत नाही ती माझी फाईल नाही, माझ्या फाईलच्या आत ज्या लोडरचा (प्रोग्राम सुरू करून देणारा) पत्ता लिहिलाय तो लोडर सापडत नाही. मी केला होता जीलिबसीवर, राऊटरमध्ये मसल, ती दुसरीच सी लायब्ररी. रीडएल्फला छोटा एल दिला की 'इंटरप्रिटर' म्हणून तो पत्ता दिसतो.

तेच एकाने जुन्या नॅसबद्दल (नेटवर्कवरची हार्डडिस्क) सांगितलं होतं, आर्मव्ही५ वाला, त्यात डेबियन आर्मईएल म्हणजे सॉफ्ट-फ्लोट. हार्ड-फ्लोटची फाईल टाकली की 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'.

आणि मिप्स घेणाऱ्यांनी आधी बघा बिग एंडियन की लिटल (बाइट कुठल्या क्रमाने ठेवतो ते). जुन्या अथेरॉसवाल्यांत बिग, मीडियाटेकवाल्यांत लिटल. उलटं टाकलं तर 'एक्झेक फॉरमॅट एरर'. शेवटी मी गो मध्ये लिहून टाकलं, गोआर्च=मिप्स, गोमिप्स=सॉफ्टफ्लोट, सीगो बंद, एका ओळीत काम. गो ला लिबसी लागतच नाही. ज्यांना भाषा निवडायची मुभा आहे त्यांनी जुन्या हार्डवेअरसाठी खरंच विचार करावा.

पडवीवाला

ताई गो शिकायला आता वेळ नाही हो, सी++ लिहून झालंय. पण 'नॉट फाउंड' वालं लिहून ठेवतो.

मेक_क्लीन दादा, मग आता रस्ता काय?

मेक_क्लीन

दोन रस्ते. शुद्ध रस्ता म्हणजे क्रॉसटूल-एनजी घेऊन स्वतःची टूलचेन बांधणे: आर्किटेक्चर आर्मव्ही६, एफपीयू व्हीएफपी, फ्लोट हार्डवेअर, जीलिबसी २.२८, आणि कर्नल हेडर कार्डातल्या कर्नलपेक्षा नवे घेऊ नकोस. एकदा बांधली की दहा वर्षं वापर. मला विचारशील तर हाच खरा.

पडवीवाला

दुसरा रस्ता सांगायच्या आधीच मी पहिल्याला लागलो, आता ऐका.

सुरू करताच ओरडलं 'एलडी लायब्ररी पाथ सेट करू नका'. माझ्या बॅशआरसीमध्ये कधीकाळी कुठल्यातरी प्रिंटरसाठी लिहिलेली ओळ होती. काढली. मग म्हणालं रूट म्हणून चालवू नका. बरं बाबा. मग दीड तास मस्त चाललं, लॅपटॉपचा पंखा असा की बाबा विचारायला आले गिरण चालू केलीस काय. सव्वा तासाने लाईट गेली पण लॅपटॉप असल्याने वाचलो, इन्व्हर्टरवर राऊटर होता म्हणून डाऊनलोड पण तुटलं नाही.

टूलचेन झाली! हॅलो वर्ल्ड पायवर चालला! रात्री साडेबाराला मी एकटा पडवीत नाचलो.

मग एसक्यूलाइट लिंक करायला पायवरच्या लिब, यूएसआर लिब, यूएसआर इन्क्लूड आरसिंकने उचलून आणल्या आणि सिसरूट (पायच्या फाईलींची लॅपटॉपवरची नक्कल) म्हणून दिल्या. लगेच 'कॅनॉट फाइंड सीआरटी१ डॉट ओ'. फाईल आहे तिथे! डोळ्यांनी दिसते!

मेक_क्लीन

ती आहे पण डेबियन पद्धतीने एका फोल्डर आत आहे, यूएसआर लिबच्या आत आर्म लिनक्स जीएनयूईएबीआयएचएफ नावाचं अजून एक फोल्डर. साधी बांधलेली टूलचेन तिथे बघत नाही, तिला डेबियनची ही घरं माहीत नाहीत. मोठा बी देऊन तो रस्ता दाखव, आणि लायब्ऱ्यांसाठी मोठा एल आणि आरपाथ-लिंक पण दे. शिवाय तुझ्या सिसरूटमधले सिमलिंक बघ, लिबडीएल वगैरे 'स्लॅश लिब' पासून सुरू होणारे असतील. पायवर ते बरोबर, लॅपटॉपवर तेच तुझ्या लॅपटॉपच्या लिबमध्ये घुसतात. सिमलिंक्स नावाची छोटी कमांड आहे ती सगळे रिलेटिव्ह करून देते.

गुहागरची_ताई

मेक_क्लीन, तुमचा मान राखून, ह्या माणसाला एक प्रोग्राम चालवायचाय, डिस्ट्रो काढायची नाहीये. दुसरा रस्ता मी सांगते.

पडवीवाले, कार्डाची अख्खी इमेज काढा डीडीने. लॅपटॉपवर क्यूईएमयू यूजर स्टॅटिक टाका, तो आर्मचे प्रोग्राम लॅपटॉपवर चालवतो. इमेजचं दुसरं पार्टिशन माउंट करा आणि त्यात सीएचरूट करा, म्हणजे तेच मूळ फोल्डर धरून काम चालेल. बास, तुम्ही तुमच्या पायच्या आत आहात, फक्त रॅम लॅपटॉपची. जी++ कार्डात आहेच, पायवर कंपाईल करून बघितलं होतं ना तुम्ही. तोच जी++, तीच जीलिबसी, तीच एसक्यूलाइट, जुळवायचं काहीच नाही. रास्पबियनचा जीसीसी मुळातच व्ही६ साठी बांधलाय, जीसीसी मायनस व्ही केलं की विथ-आर्च=आर्मव्ही६ दिसेल. इम्युलेशन असल्याने लॅपटॉपच्या मानाने रखडत चालेल, पण किल होणार नाही.

तीन गोष्टी सांभाळा. ईटीसीमधल्या एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोडमध्ये एक ओळ आहे ती इमेजमध्ये तात्पुरती कमेंट करा नाहीतर प्रत्येक कमांडला कुरकुर ऐकावी लागेल. मेकफाईलमध्ये मार्च=नेटिव्ह असेल तर उडवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्यूईएमयू डिफॉल्टला सगळ्या नव्या सूचना येणारा सीपीयू दाखवतो, त्यामुळे व्ही७ चा प्रोग्राम पण तिथे मजेत चालेल आणि बागेत जाऊन पडेल. क्यूईएमयू सीपीयू=एआरएम११७६ असं एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा म्हणजे जे पडायचं ते घरीच पडेल.

मेक_क्लीन

ताईंचं बरोबर आहे. मला टूलचेन बांधायची खाज आहे, ती त्याच्या अंगावर काढली. एआरएम११७६ वाली टीप मला पण माहीत नव्हती, घेतली.

पडवीवाला

जमतंय!! पण सरळ नाही. दोन एरर आल्या, कोणाला पुढे लागल्या तर लिहून ठेवतो.

पहिली, एसटीडी फाईलसिस्टिमची सगळी फंक्शनं 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. बस्टरमध्ये जीसीसी ८ आहे, त्यात फाईलसिस्टिम वेगळ्या लायब्ररीत, लिंक करताना एसटीडीसी++एफएस द्यावी लागते. जीसीसी ९ पासून नाही लागत म्हणून लॅपटॉपवर कधी कळलंच नाही.

दुसरी, 'अनडिफाइन्ड रेफरन्स, अ‍ॅटॉमिक लोड ८'. बकेटचे टपके मोजायला मी ६४ बिटचा अ‍ॅटॉमिक काउंटर ठेवला होता. व्ही६ साठी कंपायलर तो स्वतः सोडवत नाही, लिब-अ‍ॅटॉमिककडे पाठवतो. एल-अ‍ॅटॉमिक लावलं की जातं. पण मग म्हटलं ६४ बिट कशाला, एवढे टपके पडायला कोकणात पण दोन-चार युगं जातील, ३२ बिट केला, लायब्ररीची गरजच संपली.

बिल्डला अकरा मिनिटं. रीडएल्फ: व्ही६, व्हीएफपीव्ही२. आंब्याचा वास बरोबर आला.

जुनं_ते_सोनं

मी पण एक विचारून घेतो धागा चालू आहे तोवर. जुन्या बोर्डाचा कर्नल बांधतोय, क्रॉस कंपायलर बोर्डाबरोबर आलेला जुनाच आहे तरी 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायलॉक' येतं. बोर्डाचं तर कोडच अजून सुरू झालं नाहीये.

मेक_क्लीन

ते बोर्डाचं नाहीच, तुमच्या पीसीचं आहे. कर्नल बांधताना डिव्हाइस ट्री कंपायलरसारखी काही हत्यारं आधी पीसीसाठी बनतात, ती तुमच्या पीसीच्या जीसीसीने. जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाईलींत उघडं लिहिलेलं चालत नाही. डीटीसी लेक्सरच्या फाईलमध्ये ती वायवायलॉकची ओळ आहे, तिच्यापुढे एक्स्टर्न लावा किंवा होस्ट सीफ्लॅग्समध्ये एफ-कॉमन द्या. आणि जीसीसी १४ वर गेलात तर जुन्या युजर प्रोग्रामांत न सांगता वापरलेली फंक्शनं पूर्वी नुसती वॉर्निंग द्यायची, आता थेट एरर. जुन्या कोडसाठी जुना कंपायलर डॉकरमध्ये बांधून ठेवलेला बरा.

आणि हो, नाव बदला आता 😀

खारंवारं

पडवीवाल्या, बागेत बसवलंस काय मगे?

पडवीवाला

परवा बसवला. काल रात्री पहिला वळवाचा पाऊस झाला, विजा काय, माडाची झापं काय. सकाळी उठून धावत पंपघरात. एकही टपका चुकलेला नाही, एका टपक्याला ०.२ मिमी, एकूण २१७ टपके, म्हणजे ४३.४ मिमी. शेजारी बाटलीतलं साधं मापक ठेवलं होतं त्यात ४४ च्या आसपास. मी आणि बाबा दोघं त्या बाटलीकडे बघत उभे.

फक्त एक गंमत, डेटाबेसमध्ये पाऊस दुपारी सव्वातीनला पडलेला दिसतोय. पडला रात्री दहाला.

गुहागरची_ताई

लाईट गेली होती ना मधे? पायला स्वतःचं घड्याळ नाही. बंद होताना जी वेळ लिहून ठेवलेली असते तिथूनच परत उठतो, नेट मिळालं तरच सुधारतो. आणि तुमचं कार्ड फक्त वाचायचं, मग ती वेळ तरी कुठे लिहिणार. डीएस३२३१ चं सेलवालं छोटं बोर्ड मिळतं, आयटूसीवर लावा.

खारंवारं

आणि लावतलंस तर पिनांक आधी ग्रीस लाव.